नाळेतली गादी

प्रश्न : ताई, आम्ही दोघांनी गेल्या दिवाळीत 28 फुटी, सेकंडहँड शिडाची बोट घेतली. ती गेटवेसमोर नांगरलेली असते. पुढच्या केबिनमध्ये त्रिकोणी बर्थ आहे आणि त्यावर जुन्या मालकाच्या वेळच्या दोन गाद्या. मधोमध खड्डा पडलाय, खालून ओल धरते, आणि कितीही ऊन दाखवलं तरी कुबट वास जात नाही. ह्यांना कंबरेचा त्रास आहे. शनिवारी रात्री मांडव्यासमोर नांगर टाकून झोपलो की रविवारी सकाळी ह्यांना सरळ उभं राहता येत नाही. दुकानदार म्हणतो मेमरी फोम घ्या, सासूबाई म्हणतात कापसाची गादी भरून घ्या. डिसेंबरात गोव्यापर्यंत जायचा बेत आहे, म्हणजे वाटेत दोन रात्री तरी पाण्यावर. काय करावं? (एक वाचक, माहीम)

उत्तर : आधी सासूबाईंबद्दल बोलते, कारण त्यांचं म्हणणं माझ्या फार जवळचं आहे. माझे वडील लालबागला गाद्या भरायचे. पिंजणीच्या तारेचा आवाज ऐकतच मी मोठी झाले. ताज्या पिंजलेल्या कापसाच्या गादीवर पाठ जशी मोकळी होते, तशी दुसऱ्या कशावर होताना मी पाहिलेली नाही. घरी जमिनीवर झोपणार असाल तर आजही मी तुम्हाला तीच भरून घ्या म्हणेन. बोटीवर मात्र कापूस नको. त्याचं कारण नीट सांगते, कारण तुमच्या कुबट वासाचं कोडंही त्यातच आहे.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते तुम्ही बघताच. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच पाझरायला लागतं. मुंबईच्या बंदरात रात्री, पहाटे हवा सहज तेवढी दमट होते, पावसाळा नसतानाही. आता ज्या गादीत एकदा खारं पाणी शिरलंय तिचं बघा. दुपारच्या उन्हात ती कोरडी लागते, पण पाणी उडून गेलं तरी मीठ आतच राहतं. रात्री तेच मीठ पुन्हा ओल ओढतं. म्हणून तुमच्या गाद्या वाळतात आणि वाळतही नाहीत. ऊन कमी पडत नाहीये. कापूस तर हे पाणी गाभ्यापर्यंत घेतो, गोळे धरतो आणि भिजला की दोघांनाही उचलत नाही. जुना फोम थोडा बरा, पण तुमच्या गाद्यांमध्ये आता इतकं मीठ आणि बुरशी असेल की त्या वाचवायला जाऊ नका.

आता फळी. मला कुणी गादी विचारली की मी आधी बर्थची फळी बघायला जाते. गिऱ्हाइकाला वाटतं ताई विषय टाळतायत. पण तुमच्या पत्रातले दोन शब्द, ‘खालून ओल’, मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले. रात्रभर अंगातली वाफ गादीतून खाली उतरते. खाली फळी अंगापेक्षा गार असते, तिच्यावर ती वाफ थिजते, आणि सपाट प्लायवर फोम चिकटून बसला असेल तर त्या पाण्याला जायला वाटच नसते. नवी गादी अशा फळीवर टाकली तर एका मोसमात तिचीही हीच गत होणार, मग ती कितीही महाग असो.

तेव्हा पहिला खर्च गादीखाली करा. सोपा उपाय म्हणजे सागाच्या पट्ट्या: 5 सेंटिमीटर रुंद, मध्ये अडीच सेंटिमीटरची फट, खाली दोन आडव्या दांड्या. जिथे उंची तेवढी नाही तिथे मी जाड विणीची प्लॅस्टिकची जाळी घालते, थ्री-डी मेश म्हणून मिळते ती. दोन सेंटिमीटरची असली तरी वारा फिरतो. जर्मनीची फ्रोली नावाची कंपनी प्लॅस्टिकच्या फुलांसारख्या स्प्रिंगा बनवते, एकात एक अडकवून बर्थभर पसरायच्या. छान वस्तू आहे, कमरेखाली कडक आणि खांद्याखाली मऊ अशी बदलताही येते. पण बाहेरून मागवावी लागते आणि पट्ट्यांवर तुमचं काम भागेल. फळीला भोकं पाडायचा विचार असेल तर बोट बांधणाऱ्या माणसाला दाखवल्याशिवाय ड्रिल लावू नका. काही बोटींत ती फळी हलला, म्हणजे बोटीच्या मुख्य कवचाला, जोडलेली असते आणि बोटीची ताकद तिच्यावर असते. भोकं पाडलीत तर प्रत्येकाच्या कडेला इपॉक्सी लावा, नाहीतर प्लाय तिथूनच फुगते.

मग माप. टेप घेऊन लांबी-रुंदी मोजली आणि दुकानात सांगितली, असं इथे चालत नाही. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बोट निमुळती होते आणि बाजू वरच्या अंगाला बाहेर झुकलेल्या असतात. म्हणजे गादीचा वरचा चेहरा खालच्यापेक्षा मोठा असतो. मी ब्राऊन पेपरचे ताव चिकटपट्टीने जोडून दोन साचे काढते, एक फळीच्या पातळीचा आणि एक गादीच्या जाडीइतका वरचा. दोन्हींवर मधली रेघ मारते आणि ‘वर’, ‘पुढे’, ‘डावी’, ‘उजवी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिते. सुरुवातीच्या काळात एका बोटीसाठी मी उजव्या बाजूचा साचा उलटा ठेवून फोम कापला. दोन्ही तुकडे डाव्या बाजूचे झाले. एवढा चांगला फोम वाया गेल्याचं आजही वाईट वाटतं. म्हणून सांगते, लिहा.

साचा काढून झाला की त्या फळीवर सतरंजी टाकून वीस मिनिटं दोघंही आडवे व्हा. हा माझा हट्ट आहे, मी स्वतःही प्रत्येक कामाच्या आधी हे करते. डोकं कुठे येतं, पाय एकमेकांवर येतात का, उठून बसल्यावर डोकं छताला लागतं का, हे सगळं तिथे कळतं. अशा त्रिकोणी बर्थवर डोकं केबिनच्या बाजूला, रुंद भागात ठेवायचं आणि पाय टोकाकडे. टोकाशी चार पाय एकाच जागेसाठी भांडतात. त्याला गादीचा उपाय नाही, झोपायची जागा ठरवायचा आहे.

आता फोम, म्हणजे ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत ते. दुकानात तुम्हाला ‘डेन्सिटी’ सांगतील. 40 डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. तो कडक की मऊ हे त्यावरून कळत नाही. तो किती दिवस टिकेल याचा थोडा अंदाज येतो. कडकपणा वेगळा, तो अंग टाकूनच बघायचा. डेन्सिटी मात्र तुम्ही स्वतः तपासू शकता आणि जरूर तपासा. 60 बाय 60 सेंटिमीटरचा, 10 सेंटिमीटर जाड तुकडा काट्यावर ठेवा. 40 डेन्सिटीचा असेल तर सुमारे 1 किलो 440 ग्रॅम भरेल, 32 चा असेल तर 1 किलो 150 ग्रॅम. एका दुकानात मला 40 सांगून दिलेला माल बत्तिसापर्यंतही पोचला नव्हता. त्या दिवसापासून सामानाच्या पिशव्या तोलायचा छोटा काटा माझ्या पर्समध्ये असतो.

दुसरी परीक्षा गुडघ्याची. फोम कडक जमिनीवर ठेवा आणि त्यावर एक गुडघा टेकून सगळा भार द्या. जमीन गुडघ्याला लागली तर ह्यांच्या कंबरेलाही फळी लागणार. बोटींवर मूळच्या गाद्या बऱ्याचदा 8 ते 10 सेंटिमीटरच्या असतात. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि कंबर एवढ्या जाडीत खालपर्यंत जातात.

तुमच्यासाठी मी दोन थर करीन. खाली 8 सेंटिमीटरचा, 40 डेन्सिटीचा एचआर फोम, म्हणजे दाबला की झटकन वर येणारा. वर 4 सेंटिमीटर लॅटेक्स. केरळच्या रबराचं लॅटेक्स आपल्याकडे चांगलं मिळतं, अंगाला मऊ लागतं आणि तरी खालून धरतं. वजनाला भारी असतं, म्हणून सगळी गादी त्याची करायची नाही. उन्हात उघडं टाकायचं नाही, चिरा पडतात. दोन्ही थर मिळून 12 सेंटिमीटर आणि पट्ट्यांचे तीन-चार. हे सगळं घालून ह्यांना बर्थवर उठून बसता येतंय ना, ते सतरंजीच्या वेळीच मोजून घ्या. नसेल तर खालचा थर कमी करू नका, पट्ट्यांच्या जागी जाळी घाला.

मेमरी फोमला मी नको म्हणते. घरात, एसीच्या खोलीत तो ज्यांना मानवतो त्यांना मानवो. पण तो उष्णतेने मऊ पडणारा फोम आहे. अंगाभोवती खळगा करतो, त्या खळग्यात वारा लागत नाही. एप्रिलमध्ये गेटवेसमोर, वारा पडलेल्या रात्री बंद केबिनमध्ये त्यावर झोपलेल्या माणसाचा घामाने भिजलेला चेहरा मी पाहिलाय. आणि बोट हलत असताना माणूस झोपेतही सारखा तोल सावरतो, बाजू बदलतो; खळग्यातून प्रत्येक वेळी वर यायचं म्हणजे कंबरेलाच त्रास. स्प्रिंगची गादी गंजते, हव्या त्या आकारात कापता येत नाही, आणि इतकं लोखंड होकायंत्राजवळ आलं तर त्याची सुई फसते. रबराइज्ड कॉयरचंही कुणीतरी सुचवेल. काथ्या खाऱ्या पाण्याला भीत नाही, जुन्या गलबतांचे दोर काथ्याचेच वळलेले असायचे. पण त्या गादीची पाटी होते, ती हॅचमधून, म्हणजे केबिनच्या झडपेतून, वाकवून आत नेली की मोडते आणि आकाराला कापली की कडा भुसभुशीत होतात.

गादीचे तुकडे दोन करा, मधल्या उभ्या रेघेवर. एक डावा, एक उजवा. जोड कुणाच्याच पाठीखाली येत नाही आणि खालचा कप्पा किंवा पाण्याची टाकी बघायची असेल तर एकालाच उठावं लागतं. याचा आणखी एक फायदा मला फार आवडतो. दोन बाजू वेगळ्या करता येतात. ह्यांचा खालचा थर कडक घ्या, तुमचा जरा मऊ. घरच्या डबलबेडवर नवरा-बायको आयुष्यभर एकमेकांच्या गादीशी जमवून घेतात. इथे तरी गरज नाही. डोक्याकडे मधली खाच भरायला तिसरा छोटा तुकडा लागत असेल तर तोही याच थरांचा, याच जाडीचा करा. माणसं तिथे उरलासुरला फोम कोंबतात आणि मग रात्रभर उशी त्या खड्ड्यात घसरत राहते.

खोळ. वरचं कापड अ‍ॅक्रिलिकचं घ्या, धागा काढतानाच रंग मिसळलेलं; ते उन्हात विटत नाही आणि लवकर वाळतं. त्यावर रोजची सुती चादर अंथरा, अंगाला सुतीच हवं. गादीच्या तळाला रेक्झिन लावायचा मोह होईल, कारण ‘खालून ओल येते’. तिथेच चूक होते. वरून उतरलेली वाफ त्या रेक्झिनवर अडते. तळाला जाळीचं कापड लावा. शिलाई पॉलिएस्टरच्या दोऱ्याने, सुती दोरा कुजतो. चेन प्लॅस्टिकच्या दातांची, आणि ओढायची चावीही प्लॅस्टिकची मिळाली तर बघा. साध्या चेनीची चावी खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात जाम होते. महिन्यातून एकदा चेनीवर मेणबत्ती घासा. खोळ फोमपेक्षा सेंटिमीटरभर लहान शिवायला सांगा, म्हणजे ती ताठ बसते. आणि तिच्यात फोम जाईना म्हणून कारागीर कुरकुरला तर त्याला सांगा, फोमला पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, व्हॅक्युम क्लीनरने हवा ओढ, चपटा झाला की सरकव आणि पिशवी काढून घे. बटणं मारू नका, त्या भोकांत पाणी बसतं. कडेला पायपिन दिसायला सुंदर दिसते, पण झोपायच्या बाजूला ती गालाला, खांद्याला टोचते. तळाच्या कडेला हौस भागवा.

आता गोवा. इथे मी जरा कळकळीने सांगते, कारण पत्रात तुम्ही हे शेवटी, सहज लिहिलंय. चालत्या बोटीत रात्री नाळेतल्या बर्थवर झोपायचं मनातून काढून टाका. लाटेवर बोटीचं नाक सगळ्यात जास्त वर-खाली होतं. तिथे माणूस गादीवरून अक्षरशः उडतो. मांडव्यासमोर नांगर टाकून झोपायला ती जागा छान. प्रवासात झोपायची जागा म्हणजे मधल्या केबिनचं बाकडं, बोटीच्या पोटात, जिथे हालचाल सर्वांत कमी. तेव्हा फोमचे सगळे पैसे नाळेत घालू नका. त्या बाकड्याच्या गादीकडे बघा: 55 ते 60 सेंटिमीटर रुंदी पुरे, चालत्या बोटीत अरुंदच बरं, अंग लोळत नाही. तिथे बसायचंही असतं, म्हणून फोम जरा कडक.

आणि लीक्लॉथ लावून घ्या. म्हणजे मजबूत कापडाची उभी पाळ; तिची खालची कड गादीखाली फळीला पट्टी ठोकून पक्की करायची, वरची दोरीने हँडरेलला बांधायची. गादीच्या वर 45 सेंटिमीटर तरी उभी राहावी, खांद्यापासून मांडीपर्यंत पुरावी. बोट एका अंगावर कलली की झोपलेला माणूस त्या झोळीत टेकतो, जमिनीवर पडत नाही. 2018 च्या सप्टेंबरात नौदलाचे अभिलाष टॉमी एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत असताना हिंदी महासागरात वादळात सापडले, बोट उलटली, डोलकाठ्या गेल्या, पाठीला जबर मार बसला, आणि सुटका होईपर्यंत तीन दिवस ते बोटीतच जागेवरून न हलता पडून होते. ती बातमी ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर सारखी त्यांची निजायची जागा येत होती. तेव्हापासून माझ्या हातचा प्रत्येक लीक्लॉथ बांधून झाला की मी त्यात सगळं वजन टाकून स्वतः लोंबते. तुम्हीही ह्यांना लोंबायला सांगा, गेटवेसमोर, निघायच्या आधी.

ह्यांच्या कंबरेचं निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. रविवार सकाळचा ताठरपणा पुष्कळ अंशी त्या खड्ड्याचा असेल असं मला वाटतं, पण गादीवाली बाई कंबर तपासू शकत नाही.

मे अखेर बोट वर काढाल तेव्हा गाद्या घरी आणा. माहीमच्या घरात जागा कुठे, हे मला माहीत आहे. कपाटामागे उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक नकोत. आणण्याआधी खोळी गोड्या पाण्यात दोन वेळा नुसत्या बुडवून काढा, साबणाआधी. मीठ पाण्यानेच जातं.

प्रश्न : आमचा ट्रॉलर आहे. खलाशी केबिनच्या टपावर नाहीतर जाळ्यांवर गोणपाट टाकून झोपतात. फोमच्या गाद्या दोनदा दिल्या, महिन्याभरात सडल्या. भाऊ म्हणतो त्यांना सवय आहे. मला ते पटत नाही. (एक वाचक, वर्सोवा)

उत्तर : तुम्हाला पटत नाही हे फार चांगलं आहे. दहा-बारा दिवस जाळं ओढणाऱ्या माणसाला चार तासांची झोप तरी धड मिळावी.

तुम्ही दिलेला फोम स्पंजसारखा होता, पाणी पिणारा. तुम्हाला बंद पेशींचा फोम हवा, दुकानात ईव्हीए किंवा एक्सएलपीई म्हणून मागा. व्यायामाच्या चटया, लहान मुलांच्या खेळायच्या चटया ज्याच्या असतात तो. तो पाणी आत घेतच नाही. 25 मिलिमीटरच्या दोन चटया एकावर एक, माणसाच्या मापाच्या, आणि दोन्ही टोकांना नाडा शिवलेला, म्हणजे गुंडाळून बांधता येतात आणि वाऱ्यात उडत नाहीत. मासळीचा वास लागला तर पाइपने धुऊन टाका, अर्ध्या तासात कोरड्या. ताडपत्रीचं काम करणारा कुणीही कारागीर नाडे लावून देईल.

मऊपणा कमी असतो, हे आधीच सांगते. पण गोणपाटापुढे तो कितीतरी बरा. प्रत्येक खलाशाला स्वतःची वेगळी चटई द्या, त्यावर त्याचं नाव रंगाने लिहा. आणि कुठलाही फोम, हा किंवा तो, भंडाऱ्याच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याच्या, स्टोव्हजवळ आणि इंजिनाच्या धुराड्याजवळ ठेवू देऊ नका. साधा फोम पेटला तर मिनिटांत खोलीभर विषारी धूर करतो. नारळी पौर्णिमेच्या आत करून घ्या, बोटी सुटल्या की कुणाला वेळ नसतो.

प्रश्न : बोटीवरच्या गादीच्या खोळीवर काळे ठिपके आलेत. ब्लीच लावू का? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : खोळ काढून आधी कोरड्या ब्रशने उघड्यावर झटका, तोंडाला फडकं बांधून. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावा, तासभर ठेवा, गोड्या पाण्याने धुवा. ठिपक्यांचे डाग थोडे राहतील, ते राहू द्या. ब्लीच लावणार असाल तर आधी कापडाच्या कोपऱ्यावर बघा, आणि व्हिनेगर लावलेल्या कापडावर ब्लीच कधीच घालू नका. दोन्ही मिळून क्लोरीनचा वायू निघतो आणि केबिनसारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. फोम आतून काळा पडला असेल तर तो टाका. आणि गादी उचलून फळीची खालची बाजूही बघा, ठिपके तिथूनच आलेले असतात.